वाहता कान आणि मंदावणारे ऐकणे

"कान फुटलाय, पाऊस सरला की होईल बंद," असे आपल्या घरांतून सहज म्हटले जाते. कान ठणकला तर मूल रडते, सारे घर जागे होते. पण महिनोन्‌महिने वाहणारा कान बहुधा दुखत नाही. ऐकणे घटते ते याच मुकाट काळात.

पडद्यामागे हवेने भरलेली चिमुकली पोकळी असते. तीस मध्यकर्ण म्हणतात. तीत हातोडी, ऐरण व रिकीब यांच्या आकाराची तीन हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. पडदा रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट मोठा, म्हणून आवाज आत पोचेतो बळावतो. घशातून एक नळी या पोकळीत येते. मुलांत ती आखूड व आडवी असल्याने पडशाचे जंतू वर चढतात, पू साठतो, पडदा फुटतो. तो भरून आला नाही तर फाटक्या डफाची गत होते. पुढे पुवाने हाडांची साखळीही झिजते. ती तुटली की श्रवणातील तूट ५०-६० डेसिबलपर्यंत जाते. आणि आपले नेहमीचे बोलणेच मुळी सुमारे ६० डेसिबलचे!

काही रोग्यांना कान वाहत असतानाच अधिक ऐकू येते, कारण पू भोकाला बुचासारखा बसतो. त्यामुळे औषध नकोसे वाटते. ही फसगत होय.

अळणावरच्या मुलाच्या कानी घरी मराठी, बाहेर कन्नड. ओळखीच्या भाषेत हुकलेला शब्द ते अंदाजाने भरून काढते; नव्या भाषेत अंदाज कसला? मग 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खाते.

वाहत्या कानात लसणीचे तेल मुळीच घालू नये. न्हाताना व्हॅसलीन लावलेला कापूस बसवावा, तळ्यात डुंबणे बंद ठेवावे. पुवाला घाण वास येत असेल, चक्कर येत असेल किंवा तोंड वाकडे झाले असेल, तर एक दिवसही दवडू नये. अशा कानात कातडी आत वाढून हाड पोखरते, आणि मेंदू तेथून दूर नाही.

फाटका पडदा शिवता येत नसला तरी सांधता येतो. १९५०च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन व झोलनर यांनी ही शस्त्रक्रिया रूढ केली. आज कानावरच्या स्नायूचे पातळ आवरण घेऊन तेच ठिगळ लावतात. १९५७ साली निघालेल्या हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कानाचा विभाग आहे. तेथे जाताना केवळ पू थांबवण्याचे औषध मागू नये. दोन्ही कानांचे श्रवणमापनही करून घ्यावे.