जनपदोद्ध्वंस आणि राष्ट्रीय पूर्वसिद्धता : वैद्य व औषधविक्रेते यांचे कार्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. परीक्षेच्या दृष्टीने त्यातील वायू, उदक, देश व काल या चार भावांची विकृती आणि तिच्या मुळाशी सांगितलेला अधर्म, एवढेच बहुधा लक्षात राहते. अध्यायाचा आरंभ मात्र वेगळ्याच गोष्टीने होतो. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीनजीक, ग्रीष्म सरत असताना, गंगातीरीच्या वनात फिरणारे भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, नक्षत्रे, वारा, भूमी व ऋतू यांत विकृती दिसू लागली आहे. लवकरच भूमी औषधींना यथायोग्य रस, वीर्य, विपाक व प्रभाव देईनाशी होईल. तेव्हा ती विरस होण्यापूर्वी औषधी संग्रहित करा. हेतू, लक्षणे व चिकित्सा यांची चर्चा त्यानंतर येते. पुढे चिकित्सासूत्रातही पूर्वी उद्धृत केलेल्या औषधींनीच देहाचे रक्षण करावे, असे आवर्जून सांगितले आहे.

आजच्या शासकीय भाषेत यालाच पूर्वसिद्धता म्हणतात. साथीच्या काळात काय करावे, यावर आपल्या क्षेत्रात पुष्कळ लिहिले गेले. साथ येण्यापूर्वी, चिकित्सालयाच्या व दुकानाच्या नित्य व्यवहारात काय करावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कायदा आणि यंत्रणा

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग, म्हणजे आपल्या वैद्यांनी ज्यास ग्रंथिक सन्निपात म्हटले तो व्याधी, उद्भवला आणि पुढील वर्षी साथरोग अधिनियम, १८९७ अस्तित्वात आला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. रोग पसरल्यावर शासनाला कोणते अधिकार असावेत, एवढेच त्यात होते; आधीच्या तयारीविषयी अक्षर नव्हते. त्या अधिकारांच्या वापराने पुण्यात १८९७ मध्ये किती क्षोभ उसळला, ते सर्वश्रुत आहे.

जवळपास एका शतकानंतर, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि नंतर ग्रंथिक ज्वराचे रुग्ण आढळले. (देशविकृतीच्या लक्षणांत चरकाचार्यांनी मशक, मक्षिका यांच्याबरोबर मूषकांचाही उल्लेख केला आहे, हे येथे आठवावे.) सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसगत प्लेगाचे वृत्त पसरताच लाखो लोक शहर सोडून गेले, त्यांत खाजगी वैद्यकीय व्यावसायिकही बरेच होते आणि टेट्रासायक्लिन दुकानांतून दिसेनासे झाले. औषध देशात होते, योग्य ठिकाणी नव्हते.

सूचना वेळेवर वर पोहोचत नाही, हा धडा अशा साथींतून मिळाला आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ने राष्ट्र, राज्य व जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर योजना आखणे बंधनकारक केले. सार्वजनिक आरोग्य हा संविधानानुसार राज्यांचा विषय असल्याने राष्ट्रीय योजना कितीही उत्तम असली, तरी ती जिल्ह्यातच राबवावी लागते. कोविडच्या अनुभवानंतर नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यात साथीचे पहिले १०० दिवस निर्णायक मानून स्वतंत्र कायद्याची शिफारस केलेली आहे. परंतु हे १०० दिवस मोजावयास आरंभ केव्हा करावयाचा? पहिला रुग्ण पाहणाऱ्यास शंका येईल, तेव्हाच.

शंका आणि नोंद

मे २०१८ मध्ये केरळातील कोळिकोड येथे एकाच कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीस तशाच प्रकारचा मस्तिष्कविकार झालेला पाहून तेथील डॉक्टरांना शंका आली. नमुने तत्काळ तपासणीस गेले, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निपाहचे निदान निश्चित केले आणि साथ आटोक्यात राहिली. दुसऱ्या रुग्णावर हे लक्षात आले. दहाव्या रुग्णावर आले असते, तर चित्र निराळे दिसले असते.

याउलट जानेवारी २०२५ मधील पुण्याचे उदाहरण विचारात घ्यावे. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले; संशयितांची एकूण संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या मलपरीक्षणात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला व पाण्याकडे बोट दाखवले गेले. हा वातवहनाड्यांचा विकार सामान्यतः अतिसारानंतर एक ते तीन आठवड्यांनी प्रकट होतो. म्हणजे हातापायांतील बल गेलेला रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचण्यापूर्वी अतिसाराचा रुग्ण म्हणून कोणाच्या तरी चिकित्सालयात येऊन गेलेला असणे संभवते, आणि उपनगरांत व खेड्यांत ते चिकित्सालय अनेकदा आयुर्वेद पदवीधराचेच असते. उदकदुष्टी ही वायुदुष्टीपेक्षा दुष्परिहार्य, असे चरकाचार्य म्हणतात. पाणी टाळता येत नाही. म्हणूनच एका वस्तीतील अतिसाराची वाढ ही क्षुल्लक बाब समजू नये.

यासाठी फार सामग्री लागत नाही. नित्याच्या रुग्णनोंदवहीत वय व लक्षणे यांबरोबर वस्ती आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत असे दोन रकाने आखावेत. आठवड्यातून एकदा ज्वर, अतिसार, कामला व श्वासकष्ट यांचे आकडे मागील आठवड्याशी ताडून पाहावेत. सर्वेक्षण प्रकल्पात आरोग्यसेविका संशयित रुग्ण, वैद्यकीय व्यावसायिक संभाव्य रुग्ण व प्रयोगशाळा निश्चित रुग्ण कळवतात. यांपैकी दुसरा स्तर आपला आहे. २०२१ पासून ही माहिती संगणकीय मंचावर घेतली जाते. नोंदणी नसली, तरी जिल्हा सर्वेक्षण कक्षास वा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यास दूरध्वनी करण्यास कोणी अडवलेले नाही. शंका चुकीची ठरली, तर हानी काहीच नाही.

औषधिसंग्रह

औषधविक्रेत्यांसाठी हा भाग अधिक महत्त्वाचा. संग्रह करा असे आत्रेय म्हणतात, तर शार्ङ्गधराचार्य त्या संग्रहाची मर्यादा सांगतात : चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह वर्षानंतर, आसव, धातू व रसौषधी मात्र जुन्या अधिक गुणवान. कायद्याने चूर्णास दिलेली वापराची मुदत याहून बरीच मोठी आहे, तरीही साठा कोणत्या कल्पनेच्या रूपात करावा, याचे मार्गदर्शन या वचनात आहे. चूर्णाची पोती भरून ठेवण्यापेक्षा नीट वाळवलेले अखंड द्रव्य ठेवावे व लागेल तसे कुटावे. त्याचाही क्रम जुने आधी, नवे नंतर, असा फिरता असावा. संग्रहाचा ऋतूही ठरलेला आहे. मुळे ग्रीष्मात वा शिशिरात. त्वचा, कंद व क्षीर शरदात. साथ मात्र ऋतू पाहून येत नाही. म्हणून वर्षभराची मागणी आधीच लिहून पुरवठादाराशी ठरवून ठेवणे इष्ट.

हे न केल्यास काय होते, ते गुळवेलीने दाखवले. २०२० मध्ये मागणी अकस्मात वाढली आणि जो आणील त्याचा माल घेतला गेला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवन केलेल्या काही रुग्णांतील यकृतविकृती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वनस्पतीशी गल्लत होत असल्याकडे लक्ष वेधले. यकृततज्ज्ञांनी मात्र तपासलेले नमुने अस्सल गुळवेलीचेच असल्याचे म्हटले. या वादात एक गोष्ट खटकते. बॅच क्रमांक, पुरवठादार व द्रव्याचा राखून ठेवलेला नमुना ज्या विक्रेत्यांकडे नव्हता, त्यांना आपण काय विकले हे सांगताच येत नव्हते. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात व फुलास तीन पाकळ्या असतात, तर खऱ्या गुळवेलीस सहा. वाळलेल्या तुकड्यांत फुले कोठून मिळणार? म्हणून ओळखीच्या संग्राहकाकडून, शक्यतो ओला वेल पाहूनच खरेदी करावी आणि प्रत्येक बॅचचा मूठभर नमुना तारीख घालून ठेवावा. ज्यांस पूर्वीचा यकृतविकार आहे, त्यांना कोणतेही औषध काउंटरवरून परस्पर देऊ नये.

मर्यादा

ऑक्टोबर २०२० च्या राष्ट्रीय चिकित्सा निर्देशांत कोविडच्या लक्षणरहित व सौम्य रुग्णांसाठी आयुर्वेदीय औषधे समाविष्ट झाली. तत्पूर्वी, एप्रिलमध्येच, आयुष मंत्रालयाला रोगनिवारणाच्या खोट्या जाहिराती थांबवण्याचे आदेश राज्यांना द्यावे लागले होते. या दोन्ही घटना एकत्र वाचाव्यात. प्लेगमध्ये प्रतिजैविक, तीव्र अतिसारात जलसंजीवनी, हातापायांचे बल जात असल्यास तत्काळ रुग्णालय, यांत विलंब करणे शास्त्रास धरून नाही. असाध्य व आत्ययिक अवस्था ओळखणे हेही आपल्याच शास्त्राने शिकवलेले आहे. कोणत्या लक्षणांवर रुग्ण पुढे पाठवावयाचा, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वाहनाने, हे शांततेच्या दिवसांत ठरवून सर्वेक्षण कक्षाच्या दूरध्वनी क्रमांकासह नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. क्रमांक बदलतात, म्हणून तो दर तीन महिन्यांनी पडताळून पाहावा.