परभणी ते विमान : मालमोटार की आगगाडी?

ताजी भेंडी, मिरची असा नाशवंत माल मुंबईहून विमानाने परदेशी जातो. समजा, परभणीची भेंडी अशी पाठवायची आहे. विमानात चढण्यापूर्वी तिला जमिनीवरून सुमारे ५५० किलोमीटर प्रवास करावा लागेल. कमी इंधन कशात जळेल, मालमोटारीत की आगगाडीत?

सायकलच्या चाकातली थोडी हवा काढून ती चालवून पाहा. पायडल मारणे जड जाते. टायर जमिनीवर दबतो व पुन्हा फुगतो. यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. आगगाडीचे पोलादी चाक पोलादी रुळावर फारसे दबत नाही. दोहोंचा स्पर्श एखाद्या नाण्याएवढ्या जागेतच होतो. म्हणून सपाटीवर एक टन वजन संथ गतीने चालते ठेवण्यास डांबरी सडकेवर साधारण ८ किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो. रुळावर सुमारे २ किलोग्रॅम पुरतो.

मग आगगाडीच जिंकली? थांबा! वाहनाचे स्वतःचे वजनही ओढावे लागते. वारा, चढ आणि इंजिन बाजूला ठेवून हिशेब करू.

६ टनांच्या मालमोटारीत १० टन माल भरला. जोर १६ × ८ = १२८ किलोग्रॅम, म्हणजे दर टन मालामागे १२.८.

३२ टनांच्या पार्सल डब्यात २३ टन माल भरला. जोर ५५ × २ = ११०, म्हणजे दर टनामागे फक्त ४.८.

पण भेंडी २ टनच असेल तर? डब्याला ३४ × २ = ६८, म्हणजे दर टनामागे ३४! २ टन वजनाच्या छोट्या मोटारीला ४ × ८ = ३२, म्हणजे दर टनामागे १६. येथे आगगाडी हरली.

एका शेतकऱ्याच्या भेंडीने डबा भरत नाही. दहा गावांनी माल एकत्र केला, तरच रुळाचा फायदा पदरात पडतो.

चढ-उतारही मोजली पाहिजे. परभणीचा लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. मुंबईकडे जाणारा माल मनमाडला ब्रॉडगेज डब्यांत हलवावा लागे. १९९० च्या दशकात रुंदीकरण झाले आणि ती खोटी संपली. तरी शेतापासून स्थानकापर्यंत आणि मुंबईत स्थानकापासून विमानतळापर्यंत मोटार लागतेच. तेवढ्या वेळात भेंडी सुकू नये, म्हणून सावली आणि गारवा हवा.

आता तुम्हीच सोडवा : वरच्या १० टन मालाच्या मोटारीशी बरोबरी करण्यासाठी डब्यात किती माल हवा? (उत्तर : सुमारे ६ टन.)