जुन्या विमानाचं कंट्रोल व्हील : माल स्वस्त, कागद महाग

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण छोट्या मार्केटबद्दल बोललो. ग्राहक कमी, पण त्यांना ती वस्तू हवीच असते, असं मार्केट. उदाहरण घेतलं होतं अमेरिकेतल्या जुन्या छोट्या विमानांच्या कंट्रोल व्हीलचं. व्हिडिओत ते घाईत उरकलं, म्हणून इथे नीट सांगतो. हिशोबाला वही-पेन घेऊन बसा.

आधी वस्तू समजून घ्या. पायलटच्या समोर जे अर्धवट स्टिअरिंगसारखं असतं ते कंट्रोल व्हील. त्याला योक पण म्हणतात. दिसायला गाडीसारखं, काम वेगळं. डावी-उजवीकडे फिरवलं की पंखांच्या मागच्या कडेची एलेरॉन हलतात आणि विमान एका बाजूला कलतं. आपल्याकडे ओढलं की शेपटीवरचं एलिव्हेटर वर जातं आणि नाक वर येतं. म्हणजे उडताना पायलटचा हात सतत याच वस्तूवर.

आता ही विमानं बघा किती जुनी. सेस्ना कंपनीचं १७० हे मॉडेल १९४८ ला आलं. १९५६ मध्ये त्याची जागा १७२ ने घेतली आणि ते आजवर ४४,००० पेक्षा जास्त बनलंय. साठ-सत्तर वर्षांची विमानं आजही उडतात, कारण इंजिन ठरावीक तासांनी उघडून नवं करता येतं, पत्रा बदलता येतो. पण योकवरचं प्लास्टिक? ऊन, घाम, हाताचं तेल. विमान उघड्यावर उभं असेल तर काचेतून येणारं ऊन रोजचंच. प्लास्टिक आकसतं, चिरा पडतात, काही ठिकाणी पापुद्रे निघून हाताला टोचतात. नुसतं दिसायला वाईट असतं तर चाललं असतं. पण चीर आतपर्यंत गेली तर प्रश्न सुरक्षेचा होतो. पायपर कंपनीच्या काही जुन्या योकमध्ये तडे तपासत राहा, असा आदेश तिथल्या एफएए या सरकारी विमान खात्याने १९६९ मध्येच काढला होता.

मग मालक काय करतो? पहिला रस्ता भंगारवाल्याचा. मोडीत निघालेल्या विमानातून चांगला योक काढून विकणारे धंदे तिथे आहेत. अडचण अशी की तो योकही तितकाच म्हातारा. दुसरा रस्ता, आपलाच योक दुरुस्तीला पाठवायचा. चिरा भरून, घासून, रंगवून किंवा वर चामडं शिवून परत येतो. पण तोवर विमान जागेवर उभं, हँगरचं भाडं चालू. यावर उपाय आपल्या बॅटरीवाल्याचा : जुनी द्या, नवी न्या, फरक भरा. दुकानदार तयार योक शेल्फवर ठेवतो, ग्राहकाकडून डिपॉझिट घेतो आणि जुना योक पोचला की डिपॉझिट परत. तुमच्या धंद्यात ग्राहकाचं काम वस्तूअभावी अडत असेल तर हा प्रकार नक्की विचारात घ्या, यात दुरुस्तीपेक्षा वाट न बघण्याचे पैसे जास्त मिळतात. तिसरा रस्ता म्हणजे अगदी नवा योक बनवून घेणे किंवा विकत घेणे. व्हिडिओनंतर बहुतेक प्रश्न यावरच आले.

"सर, थ्रीडी प्रिंटरवर बनवला तर?" "साचा काढून फायबरचा ओतला तर?" बनेल की! वस्तू अवघड नाहीच. माझ्या दुकानात टू-व्हीलरचे स्पेअर्स आहेत, रोज कोणीतरी विचारतं, "ओरिजनल द्यायचा का डुप्लिकेट चालेल?" तिथे निवड ग्राहकाची. विमानात तशी निवड नाही. अमेरिकेचा नियम सांगतो की प्रमाणित विमानात बसणार हे माहीत असताना सुटा भाग बनवायचा असेल तर तुमच्याकडे त्याचा अधिकार हवा. मूळ उत्पादकाकडे तो असतोच. बाहेरच्याने बनवायचा तर पीएमए नावाची मंजुरी घ्यावी लागते. त्यात दोन गोष्टी दाखवायच्या : भाग मूळ भागाइतकाच सक्षम आहे हे मोजमाप, चाचण्या आणि गणिताने, आणि दरवेळी तसाच बनेल अशी तपासणीची पद्धत तुमच्या कारखान्यात आहे. मंजुरी मिळाल्यावर भागावर एफएए-पीएमए ही खूण, तुमचं नाव आणि पार्ट नंबर टाकावा लागतो.

एक फट आहे, आणि ती कायदेशीर आहे. विमानाचा मालक स्वतःच्या विमानासाठी भाग बनवू शकतो. त्याने प्रत्येक वेळी स्वतः लेथवर उभं राहायला हवं असं नाही. ड्रॉइंग देणं, माल देणं किंवा ठरवून देणं, बनवण्याची पद्धत सांगणं, तपासणी कशी करायची ते ठरवणं, किंवा कामावर देखरेख करणं, यातला एक जरी सहभाग खरा असला तरी भाग त्याने बनवला असं धरतात. म्हणजे एखादं वर्कशॉप मजुरीवर ते काम करू शकतं. पण तोच योक दहा बनवून काउंटरवर विकायला ठेवला की गोष्ट बेकायदा. जॉबवर्क आणि प्रॉडक्ट यांच्यातली रेघ इतकी स्पष्ट मला दुसऱ्या धंद्यात क्वचितच दिसली.

आता वही काढा. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा साच्याला ६ लाख. ड्रॉइंग, चाचण्या आणि मंजुरीला १४ लाख. एकूण २० लाख. ४४,००० विमानं बनली म्हणून ४४,००० ग्राहक धरू नका! त्यातली कित्येक मोडीत गेली, कित्येक परदेशात, आणि योकची रचना वर्षागणिक बदलली. एका रचनेचे ग्राहक समजा पाच वर्षांत २००. तर एका जोडीवर १०,००० रुपये बसले, अजून प्लास्टिकचा एक दाणाही घेतला नाही. ग्राहक ५० च निघाले तर तोच बोजा ४०,०००. म्हणून पहिलं काम साच्याचं कोटेशन घेणं हे नाही. पहिलं काम म्हणजे कोणत्या वर्षांच्या मॉडेलला हाच योक लागतो हे पार्ट कॅटलॉगमधून मोजणं.

याला दुसरी बाजू पण आहे. तुमचे १४ लाख गेले म्हणजे शेजारच्यालाही तेवढेच घालावे लागणार. म्हणूनच अशा मार्केटमध्ये भाव पाडणारे लवकर येत नाहीत.

आणि विमा विसरू नका. अपघाताच्या दाव्यांचा खर्च इतका वाढला की सेस्नाने १९८६ मध्ये छोटी पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं होतं. १९९४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की छोटं विमान १८ वर्षांहून जुनं असेल तर काही अपवाद सोडून उत्पादकावर अपघाताचा दावा करता येणार नाही. १९९६ ला सेस्ना परत सुरू झाली. पण नवीन बसवलेल्या भागासाठी हीच १८ वर्षं तो भाग बसवल्यापासून मोजतात. विमान १९५६ चं असलं तरी तुमच्या योकची जबाबदारी आजपासून. या विम्याचा हप्ता दरवर्षीचा खर्च आहे, वरच्या २० लाखांत धरलेला नाही.

योक बसवतो कोण? किरकोळ देखभाल पायलट-मालकाला करता येते, टायर आणि ऑइल बदलण्यासारखी. योक मात्र कंट्रोल सिस्टिमचा भाग, त्यामुळे परवानाधारक मेकॅनिक लागतो. जुना काढण्याआधी बोलण्याच्या बटणाची वायर असेल तर ती सोडवायची, नवीन बसवल्यावर एलेरॉन मधोमध असताना योक सरळ दिसतो का बघायचं. मग पूर्ण फेरा : कुठे अडकत नाही ना, पॅनेलला घासत नाही ना, डावीकडे फिरवल्यावर डावं एलेरॉन वरच जातं ना. शेवटी लॉगबुकमध्ये नोंद आणि सही. सही करताना मेकॅनिक आपला परवाना पणाला लावतो. म्हणून तो आधी खोक्यातला कागद बघतो, योक नंतर.

तुमच्या प्रॉडक्टसाठी हेच लिहून काढा : माल हातात घेणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा आणि सही करणारा वेगळा आहे का? असेल तर सही करणाऱ्याला काय दाखवावं लागतं, आणि ते मिळवायला किती रुपये, किती महिने? कोणता आकडा कुठून आणला तेही शेजारी लिहा. पुढच्या व्हिडिओत यातल्या दोन-तीन वह्या घेऊन बसू.