पायाचा बधिरपणा व त्याचीं कारणें

खुरपणीचे दिवस आले कीं, "पायाला मुंग्या येतात, नडगीवर सुया टोंचल्यासारखें होतें" ही तक्रार गांवोगांव ऐकूं येते. तिला वात म्हणावें, तेल चोळावें आणि कामास लागावें, अशी आपली रीत. पुष्कळदां त्यांत कांहीं बिघडत नाहीं. जेव्हां बिघडतें तेव्हां मात्र तें पायावर बेततें. म्हणून बधिरपणाची जागा पाहून कारणाचा अंदाज कसा करावा, तें आम्ही येथें देत आहों.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास, किंचित् खालीं, हाडाची एक गांठ हाताला लागते. तिला वळसा घालून एक मज्जातंतु कातडीच्या अगदीं जवळून पावलाकडे जातो. तासन् तास उकिडवें बसून खुरपलें म्हणजे तो दाबला जातो. मग नडगीची बाहेरची बाजू व पावलाचा वरचा भाग बधिर होतो. दाब फार झाला तर पाऊल वर उचलत नाहीं, चालतांना वहाण निसटते. अशानें मधूनमधून उठून पाय मोकळे करावे, आणि जेथें कोळपें चालेल तेथें खुरपें धरूं नये. नुसताच दाब असेल तर बहुधा कांहीं आठवड्यांत उतार पडतो.

परंतु कुष्ठरोगाचे जंतूहि याच तंतूंत शिरतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून ती जागा दोन्ही पायांवर चांचपून पाहावी. एकीकडे तंतु दोरीसारखा जाड लागला, किंवा अंगावर फिकट अथवा तांबूस चट्टा असून डोळे मिटल्यावर तेथें कापसाचा स्पर्श कळला नाहीं, तर सरकारी दवाखाना गांठावा. नॉर्वेच्या हॅन्सन यांनीं १८७३ सालीं हा जंतु शोधला. १९८२ पासून त्यावर अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धत आहे. ती रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने घ्यावी लागते, व औषध फुकट मिळतें. लाजेपोटीं वर्ष दवडणाऱ्याचें पाऊल मात्र कायमचें लुळें पडण्याचा संभव असतो.

दोन्ही तळव्यांची आग होते, ती रात्रीं वाढते, आणि मोजा घातल्यासारखें वाटतें, असें असल्यास रक्तांतील साखर तपासून घ्यावी. अशा पायांत बाभळीचा कांटा मोडला तरी समजत नाहीं. तापल्या विटेचा शेक तर फोड आल्यावरच कळतो! घरचीं माणसें शेक देतात तीं मायेनेंच, पण बधिर पायास शेक नको, हें त्यांना आधींच बजावून ठेवावें. निव्वळ शाकाहार करणाऱ्यांत, विशेषतः दूधहि न घेणाऱ्यांत, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडूनहि पाय असेच होतात; दारूचें व्यसनहि हेंच करतें.

कमरेपासून एकाच पायांत कळ उतरत असेल तर दोष बहुधा कण्यांत असतो, व तो बहुतेकांचा कांहीं आठवड्यांत शमतो. मात्र बैठकीची जागा बधिर होऊन लघवी अडली, किंवा नकळत होऊं लागली, तर रोग्यास त्याच दिवशीं मोठ्या रुग्णालयांत न्यावें. बाजाराचा दिवस असो वा पेरणीचा.