आधी डोळे, मग खाते

डॅलस, 3 नोव्हेंबर 2025

चि. सानिकास,


लॅसिक करून चष्मा उतरवायचा तुझा बेत ताईने कळवला. अमेरिकेतला नेहमीचा आरोग्य विमा सहसा हा खर्च देत नाही. कर खात्याचा, म्हणजे आयआरएसचा, नियम मात्र उदार आहे. दृष्टिदोषावरची लेझर शस्त्रक्रिया हा वैद्यकीय खर्चच, असे त्यांच्या 502 क्रमांकाच्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे एफएसए (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट) किंवा एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट) खात्यातले करमुक्त पैसे तिथे चालतात.

दोन्ही खात्यांची रीत वेगळी. एफएसए कंपनीमार्फत मिळते आणि 2026 साठी त्याची मर्यादा 3,400 डॉलर आहे. पगारातून कपात वर्षभर होते, पण ठरवलेली पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. जानेवारीत शस्त्रक्रिया करून डिसेंबरपर्यंत पैसे भरत राहणे नियमात बसते. उरलेली रक्कम मात्र बुडते. काही कंपन्या 680 डॉलरपर्यंत पुढच्या वर्षात नेऊ देतात, काही अडीच महिन्यांची मुदत देतात, काही यातले काहीच देत नाहीत.

एचएसएतले पैसे बुडत नाहीत आणि नोकरी बदलली तरी खाते आपलेच राहते. त्यासाठी जास्त डिडक्टिबलचा, म्हणजे आधी बरीच रक्कम स्वतः भरावी लागणारा, विमा लागतो. 2026 मध्ये एकट्या व्यक्तीला 4,400 डॉलर भरता येतील. यात जमा असेल तेवढेच काढता येते, आणि बिल खाते उघडल्यानंतरच्या उपचाराचेच हवे. साधे एफएसए असताना एचएसएत भरणा करता येत नाही. दात आणि डोळ्यांपुरते मर्यादित एफएसए मात्र सोबत चालते, आणि लॅसिक त्यात बसते.

तुझ्या ऑस्टिनमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही. तरीही केंद्रीय प्राप्तिकराच्या 22 टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदाराचे, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे 7.65 टक्के धरून, 3,400 डॉलरवर सुमारे 1,000 डॉलर वाचतात.

पण या हजार डॉलरपायी घाई नको. एफएसएची रक्कम एकदा ठरली की लग्न, बाळंतपण अशा कारणांशिवाय वर्षाच्या मध्ये बदलत नाही. आकडा भरून मोकळे झाल्यावर फेब्रुवारीत डॉक्टरांनी पारपटल पातळ आहे, नंबर स्थिर नाही किंवा डोळे फार कोरडे आहेत असे सांगितले, तर? मग पैसे वाचवण्यासाठी नको ते करून घेण्याचा मोह होतो. म्हणून या महिन्यातच, कंपनीचा एफएसएचा अर्ज भरण्यापूर्वी, तपासणी करून घे. त्याआधी किती दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायच्या, तेही क्लिनिकला विचार.

डॉक्टर नको म्हणाले तर एफएसएत नव्या चष्म्याला आणि दातांच्या कामाला लागेल तेवढेच ठेव. हो म्हणाले तर दोन्ही डोळ्यांचा खर्च, पुढच्या तपासण्यांसह, लेखी घे आणि तपशीलवार पावती जपून ठेव. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागू शकतो, हेही लक्षात असू दे.

अहवाल आला की फोन कर. आकडा आपण मिळून ठरवू.

तुझा,
विजूमामा