इंग्रजी भाषेंतील फुलें व त्यांचे अर्थ

कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील शेतकरी आपल्या मुलाचें शाळेंतून आलेलें प्रगतिपत्रक घेऊन आम्हांकडे आले. मुलगा तालुक्याच्या गांवीं इंग्रजी शाळेंत शिकत होता. पत्रकाच्या शेवटीं शिक्षकांनीं इंग्रजींत एक ओळ लिहिली होती व तींत 'लेट ब्लूमर' असे दोन शब्द होते. गांवांतील एका अल्पस्वल्प इंग्रजी शिकलेल्या गृहस्थांनीं कोश उघडला. त्यांत 'ब्लूमर' म्हणजे ढोबळ चूक, असें त्यांस आढळलें. तेव्हां त्यांनीं बापास सांगितलें, "तुमचा मुलगा उशिरा येतो आणि मोठमोठ्या चुका करतो, असें मास्तर लिहितात." बापानें मुलाला शाळेंतून काढण्याचा निश्चय केला. पत्रकावर सही करून तें परत पाठवावें कीं नाहीं, एवढेंच विचारावयास ते आम्हांकडे आले होते.

आम्हीं त्यांस खरा अर्थ सांगितला. ज्याचे गुण इतरांच्या मागून उमलतात, पण उमलतात खास, अशा मनुष्यास इंग्रज लोक 'लेट ब्लूमर' म्हणतात. शिक्षकांनीं दोष लिहिला नव्हता. आशा लिहिली होती. बाप बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या बांधावर एक आंबा आहे. त्याला सगळ्यांच्या मागून मोहोर येतो. त्याला आम्हीं कधीं तोडला नाहीं." मुलगा शाळेंत राहिला.

कोशांत पाहिलेला शब्द खोटा नव्हता. इंग्लंडच्या बोलींत 'ब्लूमर' म्हणजे चूक असा अर्थ आहेच. परंतु शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दावरून ठरतो, हें ध्यानांत न घेतल्यामुळें एका मुलाचें शिक्षण बुडण्याची वेळ आली. ह्यास्तव आजच्या पाठांत आपण फुलांवरून आलेले कांहीं इंग्रजी वाक्प्रचार पाहूं.

१. फूल, बहर आणि मोहोर

फुलासाठीं इंग्रजींत तीन शब्द नेहमीं आढळतात: फ्लॉवर, ब्लूम आणि ब्लॉसम. फ्लॉवर हा सर्वसामान्य शब्द होय. गुलाबासारखीं जीं झाडें केवळ फुलासाठीं लावितात, त्यांच्या फुलाला बहुधा ब्लूम म्हणतात. ब्लॉसम हा मुख्यत्वें फळझाडांच्या फुलोऱ्याचा शब्द आहे. इंग्लंडांत वसंत ऋतूंत सफरचंद, चेरी इत्यादि झाडें पांढऱ्या व गुलाबी फुलांनीं भरून जातात, तो ब्लॉसम. आपण आंब्याच्या फुलाला फूल न म्हणतां मोहोर म्हणतों, तसाच हा भेद आहे.

ब्लॉसमच्या पाठीमागें फळाची अपेक्षा असते. म्हणून एखादी अबोल मुलगी 'ब्लॉसम' होऊन उत्तम शिक्षिका झाली, असें म्हटलें म्हणजे तिच्या अंगचे गुण खुलले व फळास आले, असें समजावें.

ब्लूम शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. पिकलेल्या द्राक्षावर पांढुरकी, नाजूक भुकटी असते. नाशिककडील बागाइतदारांस ती चांगली ठाऊक आहे. बोट लागतांच ती पुसली जाते व द्राक्ष हाताळलेलें दिसूं लागतें. तिलाही इंग्रजींत ब्लूम म्हणतात. एखाद्या गोष्टीचा ब्लूम गेला, म्हणजे तिची नव्हाळी गेली.

२. कळींत खुडणें

'निप इन द बड' हा वाक्प्रचार फार वापरला जातो. इंग्लंडांत वसंत ऋतूंत झाडांना कळ्या आल्यावरही एखाद्या रात्रीं अवचित हिंव पडतें आणि कळ्या करपून जातात. माळीही नको असलेली कळी चिमटीनें खुडून टाकतो. ह्यावरून एखादी गोष्ट वाढण्यापूर्वींच नाहींशी करणें असा अर्थ झाला. वाईट संवय, भांडण, कटकारस्थान ह्यांच्या संबंधानें हा प्रयोग विशेष होतो.

येथें भाषांतर करणाऱ्यानें जपलें पाहिजे. मराठींत कळी खुडली म्हटलें कीं मनांत हळहळ उत्पन्न होते. लहान मूल मरण पावलें असतां आपण तसें बोलतों. इंग्रजींत मात्र ह्या शब्दांत बहुधा शहाणपणाची शाबासकी असते. "पंचांनीं भांडणाची कळी खुडली" असें लिहिल्यास वाचकास भांडणाचीच कींव येईल! "भांडण वेळींच मिटविलें" किंवा "मुळांतच मोडून काढलें" असें लिहावें. शब्द तोच असला तरी त्यामागील भावना तीच असते, असें नाहीं.

३. फूल म्हणजे उत्तम भाग

इंग्रजींत फ्लॉवर शब्दाचा 'निवडक व उत्तम' असाही अर्थ होतो. एखाद्या देशाचें फ्लॉवर युद्धांत पडलें, म्हणजे त्याचे निवडक तरुण कामास आले. ह्याच अर्थावरून एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. पिठाला इंग्रजींत 'फ्लावर' म्हणतात व त्याचा उच्चार फुलाच्या शब्दासारखाच आहे. हा योगायोग नव्हे. दळलेलें धान्य चाळल्यावर जें अगदीं बारीक व उत्तम पीठ निघे, त्याला त्या धान्याचें फूल म्हणत. मुळांत हा एकच शब्द होय. त्याचीं दोन निरनिराळीं स्पेलिंगें पुढें रूढ झालीं. डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांच्या १७५५ सालच्या प्रसिद्ध कोशांतही हा भेद केलेला नाहीं. आपल्या घरांतील चाळण दररोज हेंच काम करते.

उलट भाषण 'फ्लॉवरी' होतें, असें कोणी म्हटलें, तर वक्त्यानें हुरळून जाऊं नये. शब्दांचा फुलोरा फार आणि अर्थ थोडा, असा तो टोमणा असतो.

४. गुलाब

'बेड ऑफ रोझेस' म्हणजे सुखाची शय्या. हा प्रयोग बहुधा नकारार्थीं येतो: अमक्याचें आयुष्य गुलाबांची शय्या नव्हतें, म्हणजे त्यानें फार कष्ट सोसले. एखादा मनुष्य भानगडींत सांपडूनही गुलाबाच्या सुवासासह बाहेर आला, असें म्हणतात, तेव्हां आपला 'नामानिराळा राहिला' हा प्रयोग बराच जुळतो.

'अंडर द रोझ', म्हणजे गुलाबाखालीं, ह्याचा अर्थ गुप्तपणें. ह्याच अर्थाचे 'सब रोझा' हे लॅटिन शब्दही इंग्रजींत चालतात. युरोपांत गुलाब हें मौनाचें चिन्ह मानीत, आणि जेथें गुप्त मसलती चालत अशा कांहीं दालनांच्या छतावर गुलाब कोरीत. येथें झालेलें बोलणें बाहेर जाऊं नये, असा त्याचा इशारा असे.

५. इतर फुलें

लिलीवर सोन्याचा मुलामा चढविणें, म्हणजे जें मुळांतच सुंदर आहे त्यास उगाच सजविणें. हा प्रयोग शेक्सपियरच्या 'किंग जॉन' नाटकावरून आला. तें १६२३ सालीं छापलें गेलें. मूळ नाटकांत मुलामा सोन्याला आहे व लिलीला रंग आहे. लोकांनीं दोन्हीं एकत्र केलीं!

'श्रिंकिंग व्हायोलेट' म्हणजे पानाआड दडणाऱ्या फुलासारखा बुजरा मनुष्य. आपणांस ह्यासाठीं दूर जावयास नको. आपल्या रानांत लाजाळूचें झाड आहे.

'वॉलफ्लॉवर' हें जुन्या भिंतींच्या फटींतही उगवणारें एक सुवासिक फूल. नाचाच्या समारंभांत जोडीदार न मिळाल्यामुळें भिंतीलगत बसून राहणाऱ्या व्यक्तीस एकोणिसाव्या शतकांत हें नांव पडलें. आतां कोणत्याही मेळाव्यांत एका बाजूस राहणाऱ्यास तें लावितात. तें ऐकणाऱ्याच्या मनास लागतें, म्हणून जपून वापरावें.

डेझी हें फूल सकाळीं उमलतें व रात्रीं मिटतें. त्याचें नांव जुन्या इंग्रजींतील 'दिवसाचा डोळा' ह्या अर्थाच्या शब्दांपासून झालें आहे. 'डेझीसारखा ताजा' म्हणजे टवटवीत. पण मनुष्य 'डेझीं वर ढकलीत आहे' असें म्हटलें, तर तो मरून पुरला गेला आहे, असा थट्टेचा अर्थ होतो. दुखवट्याच्या पत्रांत कोणीं हे शब्द सुंदर समजून घातले, तर शोक करणाऱ्या घरास केवढें दुःख होईल!

६. तीन नियम

पहिला: अपरिचित शब्द एकटा पाहूं नये, त्याचे सोबती पाहावे. दुसरा: त्या शब्दांत स्तुति, निंदा, थट्टा किंवा दया, ह्यांपैकीं काय आहे तें विचारावें. तिसरा: शब्दाला शब्द न देतां, आपल्या घरांत तोच प्रसंग आला असतां आपण काय बोललों असतों, तें लिहावें. आणि दुसऱ्याचें पत्र वाचून दाखविणारानें, खात्री नसेल तर "मला ठाऊक नाहीं" असें म्हणण्यास लाजूं नये. त्या दिवशीं एवढें एक वाक्य बोललें गेलें असतें, तर त्या बापाला तितके दिवस मुलावर रागावून राहावें लागलें नसतें.

अभ्यास

पुढील प्रसंगीं कोणता इंग्रजी वाक्प्रचार शोभेल, तें सांगा. उत्तरें पाठांतच आहेत.

१. एका मुलास चोरून तंबाखू खाण्याची संवय लागत होती; आईनें ती पहिल्याच आठवड्यांत मोडली.
२. सभेंत एक नवी सून कोणाशीं न बोलतां भिंतीशीं बसून राहिली.
३. सुबक लाकडी पाळण्यावर सुतारानें चकचकीत कागदाचीं फुलें चिकटविलीं.
४. चौथीपर्यंत मागें असलेली मुलगी दहावींत पहिली आली.