अक्षर न शिकलेली माय : बहिणाबाई चौधरी

बहिणाबाईंची कविता शिकवायला घेतली की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, ह्या तुकाराम महाराजांच्या शिष्या ना?" नाही. त्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. आपल्या बहिणाबाई चौधरी जळगावच्या, शेतकरी घरातल्या, आणि त्यांना जाऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. लिंबायतमधल्या कितीतरी घरांचे मूळ गाव खानदेशात आहे. तिकडची तापी आपल्या सुरतेजवळच समुद्राला मिळते, तिकडची गाडी उधन्याला येते. तेव्हा हा धडा परमुलखातला समजू नका.

1880 साली नागपंचमीच्या दिवशी जळगावजवळच्या असोदा गावी महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील उखाजी, आई भिमाई. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या नथुजी चौधरींच्या घरी आल्या. काशी, ओंकार आणि सोपान ही त्यांची तीन मुले. वयाच्या तिसाव्या वर्षी नथुजी गेले. धाकटा सोपान तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. ओंकारला प्लेगने कायमचे अपंगत्व आले.

परीक्षेच्या उत्तरात एवढी माहिती चार ओळींत संपते आणि मार्कही मिळतात. पण जरा थांबून विचार करा. पदरात तीन मुले, नवरा नाही, लिहिता-वाचता येत नाही आणि शेत तर पिकवायलाच हवे. त्या काळी घरात पिठाची गिरणी नव्हती, नळ नव्हता. कोंबडा आरवायच्या आत उठून दळण, मग शेणपाणी, चूल, भाकरी, मग डोक्यावर पाटी घेऊन शेताची वाट. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, परत आल्यावर पुन्हा चूल. ह्या दिवसात कविता लिहायला वेळ कुठे होता, असे मुले विचारतात. वेगळा वेळ नव्हताच. गाणे त्या कामातच होते.

हे कसे, ते समजून घेऊ. जाते दोन दगडी तळ्यांचे असते. खालची तळी स्थिर, वरची खुंट्याला धरून फिरवायची. हात एका लयीत फिरला तरच पीठ सारखे पडते आणि दमही कमी लागतो. त्या लयीला धरूनच बाया ओव्या म्हणत. बहिणाबाईंच्या पुष्कळशा गाण्यांत चरण आठ अक्षरांचा आहे. तुमच्या पुस्तकातली त्यांची कोणतीही कविता घ्या आणि बोटांवर अक्षरे मोजा. जोडाक्षर एकच धरा. मग तीच ओळ जाते फिरवल्यासारखा हात फिरवत म्हणून पाहा. आम्ही हे वर्गात करून घेतो. पहिल्यांदा मुले हसतात, दुसऱ्या कडव्याला हात आपोआप फिरू लागतो.

सोपान शाळेत जाऊ लागला. त्याच्या पुस्तकात सत्यवान-सावित्रीची गोष्ट होती, ती त्याने आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या गोष्टीचे गाणे करून म्हटले. मुलगा चकित झाला आणि त्याने ते वहीत उतरवून घेतले. पुढे सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी झाले. ते आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी मिळून आईची गाणी लिहून ठेवत. त्यांच्या कानावर पडली आणि वहीत उतरली तेवढी आपल्यापर्यंत आली. बाकीची दळणाबरोबर विरून गेली.

छापखान्यावरही बहिणाबाईंचे गाणे आहे. अक्षरओळख नसलेल्या बाईने छपाईचे यंत्र न्याहाळले आणि कोरा कागद शहाणा होऊन बाहेर पडतो, माणूस मात्र होता तसाच राहतो, असा टोला हाणला! त्यांची स्वतःची गाणी छापून आलेली मात्र त्यांना पाहायला मिळाली नाहीत. 3 डिसेंबर 1951 रोजी जळगावात त्यांचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. हे अस्सल सोने आहे आणि ते लोकांसमोर यायलाच हवे, असे अत्र्यांनी ठरवून टाकले. 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. 1961 सालच्या 'मानिनी' चित्रपटामुळे ती गाणी पुस्तक न वाचणाऱ्या घरांतही पोहोचली. 2018 साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

आता भाषेविषयी. बहिणाबाईंची भाषा अहिराणी आहे असे आपल्याकडे बरेच जण सांगतात. ते बरोबर नाही. ती लेवा गणबोली. दोन्ही शेजारणी, म्हणून 'ळ'च्या जागी 'य' दोघींतही येतो : डोळ्याचा 'डोया' होतो. पण अहिराणीतले 'मना', 'तुना' बहिणाबाईंच्या गाण्यांत सापडणार नाहीत, तिथे 'माझा', 'तुझा' आहे. सोपानदेवांचे मोठेपण आम्हाला इथे वाटते. स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारा हा कवी, पण आईचे शब्द त्याने पुस्तकी मराठीत बदलले नाहीत. तसे केले असते तर चरण मोडले असते आणि आईही हरवली असती.

म्हणून ह्या धड्याचा गृहपाठ थोडा निराळा आहे. आपल्या वस्तीत साडीला लेस लावताना, धागे कापताना, पापड लाटताना आज्या अजून गुणगुणतात. नातवंडे टीव्हीचा आवाज वाढवतात. मैत्रिणींसमोर आजी अहिराणीत बोलली की लाज वाटते, असे आम्हाला मुलींनीच सांगितले आहे. एक दोनशे पानी वही घ्या. आजी काम करत असतानाच शेजारी बसा, कारण "म्हणून दाखव" म्हटले की तिला आठवत नाही. ती म्हणेल तसे लिहा. 'मना' असेल तर 'मना'च ठेवा, व्याकरण सुधारू नका. खाली तिचे माहेरचे गाव आणि कोणते काम करताना ते म्हटले, तेवढे नोंदवा. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारल्यावर आजी नुसतीच हसली तर शब्द तसाच ठेवून पुढे जा. गावाकडच्या तिच्या बहिणीला फोन करून तो नंतर विचारता येईल.